अक्षर आणि अक्षराची नक्षी: सोलापूरचा माग ते संगणकाची आज्ञा

सोलापुरी चादर उलगडली की तिच्या काठाशी बहुधा काही अक्षरे विणलेली आढळतात. कारखान्याचे नाव असते, कधी गावाचे नाव असते. ही अक्षरे छापलेली नसतात आणि सुईदोऱ्याने भरलेलीही नसतात. मधल्या भागातला मोर आणि वेलबुट्टी ज्या उभ्या-आडव्या धाग्यांतून सिद्ध झाली, त्याच धाग्यांतून तीही आलेली असतात. चादर उलटी केली तर रंगांची अदलाबदल होते आणि अक्षरे आरशात पाहिल्यासारखी फिरतात. ती विणणाऱ्या मागाच्या लेखी मोराचा तुरा आणि 'स'ची गाठ यांत काडीचाही भेद नाही. मागाला नक्षी कळते, अक्षर कळत नाही. संगणकातील फाइली हाताळण्याच्या एका जुन्या पद्धतीचा आणि मराठी मजकुराच्या जतनाचा विचार करताना आम्हांला हा मागच पुन:पुन्हा आठवत राहिला, आणि त्याचे कारण केवळ उपमेचे नाही. त्यामागे इतिहास आहे.

हा माग जकार्डचा. फ्रान्समधील लिओन या रेशमाच्या शहरात जोझेफ मारी जकार्ड याने १८०४-०५ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याआधी बुशाँने १७२५ मध्ये भोके पाडलेली कागदी पट्टी मागाला जोडून पाहिली होती, फाल्कनने १७२८ मध्ये पट्टीच्या जागी कार्डे आणली होती, व्होकांसाँने १७४५ च्या सुमारास आणखी एक स्वयंचलित माग रचला होता. जकार्डचे यश असे की त्याने या साऱ्यांना एकत्र आणून रोजच्या कामात टिकेल असे यंत्र केले. त्याची रीत सांगायला सोपी आहे. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डात जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला हुक जागेवर राहतो आणि वर ओढला जातो. त्याबरोबर त्याचे उभे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो आणि धागे खालीच राहतात. मधून धोटा जातो. मग पुढचे कार्ड. कार्डे क्रमाने दोऱ्याने ओवलेली असतात आणि शेवटचे पहिल्याला बांधले की नक्षी पुन्हा सुरू होते.

सोलापुरात हे यंत्र ज्यांच्या हाती स्थिरावले त्यांत तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, आलेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा फार मोठा आहे. शहराच्या पूर्वभागात आजही तेलुगू कानावर पडते; मराठी, कन्नड आणि उर्दू तर आहेतच. १८७० च्या दशकात सुरू झालेली 'जुनी गिरणी' आणि तिच्यामागून आलेल्या इतर मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. चादर मात्र राहिली. भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेले महाराष्ट्रातील पहिले उत्पादन म्हणून २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीचीच नोंद झाली.

आमचे लक्ष येथे चादरीपेक्षा कार्डांकडे आहे. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर उतरते. ग्राफवरचा एकेक आडवा घर-घर वाचून कार्डांत भोके पाडली जातात. मग ती ओवून मागावर चढतात. नक्षी बदलायची तर माग उघडावा लागत नाही; एक माळ उतरवून दुसरी चढवली की झाले. जुनी माळ झिजली तर तिच्यावरून नवी पाडता येते. माळ दुसऱ्या मागावर नेता येते, बांधून फळीवर ठेवता येते, नको झाली तर रद्दीत जाते. नक्कल करणे, हलवणे, नाव देऊन ठेवणे, काढून टाकणे: फाइलींच्या व्यवस्थापनात आज जी चार-पाच कामे आपण करतो ती सगळी या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर आधीच होत होती. आणि गठ्ठा हरवला तर? चादर हाती असली तरी तीवरून पुन्हा एकेक धागा मोजत ग्राफ काढावा लागतो.

जकार्डवरून थेट संगणकावर उडी मारण्याची आपल्याकडे हौस आहे. तीत थोडे तथ्य आणि पुष्कळ घाई असते. जकार्डचा माग गणित करीत नाही, आणि आधीच्या कार्डाचा निकाल पाहून पुढचे कार्ड निवडणे त्याला ठाऊक नाही. वारसा आहे तो वेगळ्या जागी: करायच्या कामापासून कामाची आज्ञा सुटी करून ती एका टिकाऊ वस्तूवर लिहून ठेवण्यात. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी कार्डांची कल्पना येथूनच घेतली. १८३९ मध्ये रेशमात विणलेले जकार्डचे एक व्यक्तिचित्र त्याच्या संग्रही होते. ते विणायला सुमारे २४,००० कार्डे लागली होती. एडा लव्हलेसने १८४३ मधील आपल्या टिपणांत या यंत्राची तुलना जकार्डच्या मागाशीच केली. हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी कार्डांवर माणसे मोजली. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीचे ८० स्तंभांचे कार्ड आले. कार्डे गेली तरी ८० चा आकडा राहिला. अक्षरी आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी संगणकावर उघडली की तिची रुंदी आजही सहसा ८० अक्षरांचीच असते.

या काळ्या खिडकीलाच कमांड लाइन म्हणतात. चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी येथे शब्द लिहून संगणकाला काम सांगायचे असते. तिचे आजचे रूप मुख्यत: युनिक्स या प्रणालीतून आले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सला आरंभ केला. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट अशी की या प्रणालीला पहिले खरे काम मिळाले ते मजकुराचे. १९७१ मध्ये संस्थेच्या पेटंट विभागातील अर्ज टंकून नीट मांडून देण्यासाठी ती वापरली गेली, आणि त्या सबबीवरच मोठे यंत्र पदरात पडले. म्हणून असेल, पण युनिक्सच्या रचनेत साधा मजकूर हा राजा आहे. फाइल म्हणजे अक्षरांची ओळ, आणि एका आज्ञेतून निघालेला मजकूर नळीतून ओतावा तसा दुसरीत ओतता येतो. १९७३ मध्ये डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे ही नळीची सोय झाली.

या आज्ञांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'सीपी' म्हणजे नक्कल कर, 'एमव्ही' म्हणजे हलव, 'आरएम' म्हणजे काढून टाक, 'एलएस' म्हणजे काय काय आहे ते दाखव. आधी क्रियापद, मग काय, मग कुठे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. तोवर बोलणाऱ्याला विचार बदलण्याची मुभा असते. येथे तोंड उघडताच क्रिया ठरून जाते. आर्जव नाही, 'करावे' नाही. केवळ आज्ञार्थ, तोही एकेरी. आणि आज्ञा पाळली गेली तर उत्तर येत नाही. मौन म्हणजे होकार. 'आरएम' लिहून फाइल पुसली की ती कुठल्या कचरापेटीत जात नाही, बहुधा 'खात्री आहे ना?' असेही कोणी विचारीत नाही. चुकीचे कार्ड ओवले गेले तर मागही कुठे विचारतो! तो विणून मोकळा होतो.

टिचकीपेक्षा ही रीत कठोर आहे हे खरे. पण एक गोष्ट टिचकीपाशी नाही. टिचकी मारली आणि विरली. तिचा माग उरत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र स्वत:च एक मजकूर असते. ती वहीत उतरवता येते, दुसऱ्याला देता येते, शंभर फाइलींवर तीच पुन्हा चालवता येते, आणि दहा वर्षांनी कोणी विचारले की या फाइलींचे तुम्ही नेमके काय केलेत, तर ती पुढे करता येते. संपादित ग्रंथाची पाठचिकित्सा करणाऱ्याला याचे मोल सांगायला नको.

आता ज्या साधनासाठी हा सारा प्रपंच केला तिकडे वळू. त्याचे नाव ग्रेप. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले होते. लेखक तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यांतील बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये साध्यासुध्या शब्दांची वारंवारता मोजून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांनाही या निबंधांची शैली तपासायची होती. पण निबंधांचा मजकूर एवढा मोठा की तेव्हाच्या संपादन-साधनात तो मावेना. त्या साधनात एक आज्ञा होती: सर्व ओळींत अमुक नमुना शोध आणि सापडलेल्या ओळी छाप. थॉम्प्सन यांनी ती तेवढीच वेगळी काढली, आणि तिच्या तीन तुकड्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला ग्रेप हे नाव पडले. म्हणजे जगभरचे संगणक-व्यवस्थापक आज यंत्राच्या नोंदी चाळायला जे साधन रोज वापरतात, त्याच्या जन्मकथेत कर्तृत्वनिर्णयाचा एक वाङ्मयीन प्रश्न आहे. हेच मॅकमहॉन पुढे १९७४ च्या सुमारास सेड हे साधन रचून गेले. ग्रेप शोधते, सेड शोधून बदलते.

एवढे समर्थ साधन मराठी मजकुरावर लावले की काय होते? मजकूर १९९० च्या किंवा २००० च्या दशकात टंकलेला असेल, तर बहुधा काहीच होत नाही. पडद्यावर 'सोलापूर' दिसते आहे. ग्रेपला 'सोलापूर' विचारले तर ते मौन धरते, आणि हे मौन होकाराचे नसते. कारण त्या फाइलीत सोलापूर नाहीच. त्या काळी श्रीलिपी, सुरेख, योगेश, शिवाजी अशा टंकांत मराठी लिहिले जाई. संगणकाला मोजकी, जास्तीत जास्त २५६ घरे ठाऊक होती आणि ती मुळात रोमन लिपीसाठी होती. टंक करणाऱ्यांनी त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: एका घरात अर्धा 'स', दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. फाइलीत साठत होती ती रोमन खुणांची अर्थहीन रांग. तिच्यावर देवनागरीचा पोशाख चढवायचे काम टंक करी. एका टंकात जे घर कान्याचे, ते दुसऱ्यात उकाराचे. टंक हरवला की मजकूर मुका.

चादरीच्या काठावरील अक्षरांची गत हीच आहे. माग अक्षराची नक्षी काढतो, टंकही नक्षीच काढत होता. डोळ्यांना दोन्ही वाचता येतात, पण यंत्राला दोन्हींत अक्षर दिसत नाही. मराठी मजकूर संगणकावर आला असे आपण पंधरा-वीस वर्षे समाधानाने म्हणत होतो तेव्हा प्रत्यक्षात मराठीची चित्रे संगणकावर आली होती, असे आमचे मत आहे. आणि वृत्तपत्रे, दिवाळी अंक, प्रबंध, परिषदांचे वृत्तांत अशा किती मजकुराची आजही हीच अवस्था आहे याचा विचार साहित्याच्या विभागांनी पुरेसा केलेला नाही. कागदाला वाळवी लागली की दिसते. ही वाळवी दिसत नाही, कारण फाइल उघडते, अगदी सुबक दिसते, फक्त तिला काही विचारता येत नाही.

अक्षराला स्वत:चा क्रमांक देण्याचे प्रयत्न त्याच काळात चालू होते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला १२८ घरे मिळाली. पुढच्याच वर्षी थॉम्प्सन यांनी, होय, तेच ग्रेपवाले, रॉब पाइक यांच्यासह जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ही साठवणुकीची पद्धत रेखाटली, आणि ग्रेपला जगातल्या लिप्या वाचता येण्याची वाट मोकळी झाली. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. 'सोलापूर' या शब्दात स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र असे सात घटक. म्हणून एकवीस बाइट. येथे अक्षर म्हणजे आकार नसून क्रमांक आहे. आकार कोणताही असो, विचारल्यावर ते सापडते.

तरी सगळे सुरळीत झाले असे नाही. मराठीला हवा असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, ग्रेपला निराळी. 'दऱ्या' आणि 'बिऱ्हाड' यांतला अर्धा रही दोन-तीन प्रकारांनी लिहिला गेला आहे.

आणि मग भाषा आहेच. 'सोलापूर' शोधले तर 'सोलापुरात' आणि 'सोलापुरी' सापडत नाही, कारण सामान्यरूप होताना 'पू' ऱ्हस्व होतो. मराठीच्या शुद्धलेखनातील हा नियम शाळेत घोकलेला असतो. त्याचा जाच ग्रेपसमोर नव्याने कळतो. त्याहून मोठी अडचण नावाची. शिलालेखांतील सोन्नलगे आणि सोनलपूर येथपर्यंत न जाताही, इंग्रजी अमदानीतले 'शोलापूर' वाटेत उभे असते. ती जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, १९५० मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गाजलेला खटला झाला. त्या कायद्याच्या नावात 'शोलापूर'च आहे. जुनी कागदपत्रे शोधणाऱ्याला दोन्ही रूपे हवीत. ग्रेपला ते सांगता येते: पहिल्या जागी स किंवा श, सहाव्या जागी ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार, बाकी तसेच. एका ओळीच्या आज्ञेत इतिहासही आला आणि व्याकरणही.

यात पणाला काय लागले आहे ते एका उदाहरणाने सांगतो. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला या चौघांविषयी मराठीत काय काय लिहिले गेले ते पाहायचे आहे आणि त्याच्याजवळ गेल्या तीस वर्षांतल्या लेखांच्या काही शे फाइली आहेत. जुन्या टंकातल्या फाइली युनिकोडमध्ये आणण्यासाठी तो टंकाच्या घरांची आणि देवनागरी घटकांची जुळणी मांडतो, सेडला देतो आणि एका आज्ञेत सगळ्या फाइली रूपांतरित करतो. मग ग्रेपला चार नावे विचारतो. धनशेट्टी सापडतात, सारडा सापडतात. शिंदे आणि कुर्बान हुसेन सापडत नाहीत.

कारण पुन्हा नक्षीचेच. टंक अक्षरे दिसतात त्या क्रमाने ठेवीत असे. पहिली वेलांटी डोळ्यांना 'श'च्या आधी दिसते म्हणून तिथे ती आधी. युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार 'श'च्या नंतर. सरळसोट रूपांतराने होते 'िशंदे'. रफार दिसतो 'बा'च्या डोक्यावर, म्हणून टंकात तो 'बा' झाल्यावर येतो. उच्चारात मात्र 'र्' आधी, मग 'बा'. जागच्या जागी बदल केला की 'कुर्बान'चे होते 'कुबार्न'. 'मार्ग'चे 'मागर्' आणि 'कार्य'चे 'कायर्' झालेले मजकूर आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिले आहेत आणि टंकलेखकाला दोष देऊन पुढे गेलो आहोत.

म्हणून घटकांची अदलाबदल झाल्यावर आणखी दोन नियम चालवावे लागतात. रफाराची खूण दिसली की तिच्या आधीचा काना-मात्रा ओलांडून, त्याच्याही आधीचे व्यंजन ओलांडून ती मागे न्यायची. जोडाक्षर असेल तर अख्खे जोडाक्षर ओलांडायचे. वेलांटीला उलट दिशेने, पुढच्या व्यंजनापलीकडे ढकलायचे. तिथेही जोडाक्षर फुटू द्यायचे नाही. 'शक्ति'मधली वेलांटी 'क्' आणि 'त' यांच्या मध्ये अडकून पडते ती येथेच. हे नियम एका मजकूर-फाइलीत क्रमाने लिहून ठेवले की पुढच्या गठ्ठ्याला तेच लागू पडतात, जसे एका मागावरची कार्डे दुसऱ्यावर.

एक खबरदारी मात्र सुरुवातीलाच घ्यावी. रूपांतर करण्यापूर्वी मूळ फाइलींची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये करून ठेवावी आणि प्रत्येकीच्या नावात तिच्या टंकाचे नाव घालावे. 'लेख-३' असे नुसते नाव ठेवलेली फाइल पाच वर्षांनी उघडली तर ती सुरेखची की शिवाजीची हे कळायला मार्ग नसतो, आणि जुळणीच्या दोन्ही कोष्टकांतून ती ओढून बघत बसावे लागते. नियमांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये, मूळ प्रतींच्या शेजारी ठेवावी.